कामगार भरपाई दाव्यांची चौकशी (व्हिक्टोरिया)

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात कामावर इजा झालेल्यांना ‘वर्ककव्हर’ या सरकारी विमा योजनेतून भरपाई मिळते. योजना चालवणारी सार्वजनिक संस्था म्हणजे वर्कसेफ. दाव्यांचे रोजचे निर्णय मात्र कंत्राटावर नेमलेल्या खासगी कंपन्या (एजंट) घेत आल्या. राज्याच्या तत्कालीन लोकपाल डेबोरा ग्लास यांनी गुंतागुंतीच्या दाव्यांची चौकशी करून २०१६ आणि २०१९ मध्ये अहवाल दिले.

साप्ताहिक भरपाई साधारणपणे १३० आठवड्यांनी थांबते. चौकशीच्या काळात, कामगार कोणतेच काम करू शकत नाही आणि ही स्थिती अनिश्चित काळ टिकेल असे ठरले, तरच भरपाई सहसा पुढे चालू राहत असे. चौकशीने बोट ठेवले ते मुख्यतः या टप्प्यावर. दावा बंद करायला सोयीचा तेवढाच वैद्यकीय पुरावा उचलणे, उलट मताकडे काणाडोळा करणे, मनाजोगा अभिप्राय मिळेपर्यंत दुसरा डॉक्टर गाठणे असे प्रकार आढळले. एजंटांचे आर्थिक लाभ भरपाई थांबवण्याशी जोडलेले असल्याने मोह व्यवस्थेतच होता. वर्कसेफ एजंटांच्या निर्णयांचे लेखापरीक्षण करत असे. तरीही हे दोष रोखले गेले नाहीत. लोकपालांनी एकेका दाव्याची फाइल आणि एजंटांचे अंतर्गत ईमेल वाचले, हेच या चौकशीचे खरे बळ. एकूण आकडेवारीतून आजारी माणसावरचा अन्याय दिसत नाही.

दुसऱ्या अहवालानंतर सरकारने एजंट-पद्धतीचा स्वतंत्र आढावा घेतला. समेट न झालेल्या वादांवर बंधनकारक लवादाची सोय २०२२ पासून सुरू झाली.