गुलाबी डोक्याचे बदक व मोठी लालसरी : ऐतिहासिक पुराव्याचा एक प्रश्न

प्रस्तावना :
कागदपत्रांची सत्यासत्यता तपासणे हे इतिहास संशोधकाचे पहिले कर्तव्य होय. निसर्गविषयक नोंदींनाही हाच निकष लावावा लागतो. भारतातील गुलाबी डोक्याच्या बदकाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

नोंदींचा इतिहास :
जॉन लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १७९० मध्ये या बदकास शास्त्रीय नाव दिले. उंच गवताने वेढलेली डबकी व दलदली हे त्याचे निवासस्थान असून बंगाल, बिहार व आसाम या प्रदेशांत ते आढळे. ते विपुल असे कधीच नव्हते. शिकार आणि गवताळ पाणथळींचे शेतीत झालेले रूपांतर यांमुळे ते विसाव्या शतकाच्या आरंभी अधिकच दुर्मिळ झाले. सी. एम. इंग्लिस यांची दरभंगा परिसरातील जून १९३५ ची नोंद ही रानातील शेवटची विश्वसनीय नोंद मानली जाते. त्यानंतरही हे बदक पाहिल्याचे दावे होत राहिले; मात्र एकाही दाव्यास नमुन्याचा वा छायाचित्राचा निर्विवाद आधार लाभला नाही.

साम्य व भेद :
अनेक दाव्यांच्या मुळाशी मोठी लालसरी असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. दुरून दोन्हींच्या नरांचे डोके उठून दिसते. तथापि लालसरीचे डोके नारिंगी-तांबूस, चोच लाल, छाती काळी व कुशी पांढऱ्या असतात. गुलाबी डोक्याच्या बदकाचे शरीर गडद तपकिरी असून कुशींवर पांढरा रंग नसतो. उडताना लालसरीच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा दिसतो. दुसऱ्याच्या पंखावरील पट्टा फिकट बदामी असतो. लालसरी ही हिवाळी पाहुणी असून मोकळ्या जलाशयावर थव्याने वावरते. गुलाबी डोक्याचे बदक स्थानिक रहिवासी होते. म्हणून ऋतू व स्थळ यांची नोंदही पुराव्याचाच भाग ठरते.

निष्कर्ष :
चुकीची ओळख ग्राह्य धरल्यास या बदकाच्या अस्ताचा काळ पुढे सरकतो व कारणांची मीमांसाही बिघडते. उलटपक्षी प्रत्येक दावा न तपासता फेटाळल्यास शोधच थांबतो. म्यानमारमधील इंदवजी सरोवराच्या परिसरात २०१७ मध्ये झालेल्या शोधमोहिमेस यश आले नाही. तरीही कोणत्याही नव्या दाव्याविषयी एकच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे : पंखावरील पट्टा पांढरा होता की बदामी? ज्या नोंदीत याचे उत्तर नाही, तिच्या आधारे या बदकाचा इतिहास लिहिता येणार नाही.