गाऱ्हाणं आणि ‘व्हय म्हाराजा’

‘गाऱ्हाणे’ हा शब्द आला संस्कृत ‘गर्हण’वरून. गर्हण म्हणजे निंदा, दोष देणं. ‘गर्हणीय’ त्याच घराण्यातला. म्हणजे शब्द मुळात भांडखोरच. गवळणींतल्या गोपी यशोदेच्या दारात घेऊन येतात ते असंच गाऱ्हाणं: घागर फोडली, लोणी पळवलं, आवर तुझ्या पोराला!

तळकोकणात मात्र त्याला वेगळंच वळण लागलं. तिथे देवाला गाऱ्हाणं ‘घालतात’. शिमगा असो की नवस फेडणं, गावातला जाणता माणूस ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात करतो. कुणाच्या घरी आजारपण, कुणाचं लग्न अडलेलं, मुंबईतल्या कुणा चाकरमान्याची नोकरी धड नाही. एकेक मागणं संपलं की भोवतीची मंडळी एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’

खरी गंमत या होकारात आहे. देव काही बोलत नाही. बोलतात ते शेजारी. एका घराचं दुखणं अख्ख्या वाडीने ऐकलं, याची पोच तिथल्या तिथे मिळते. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली ‘सक्रिय श्रवणा’वर लिहिलं, त्यातही भर याच पोचेवर होता.

सरकारदरबारी गाऱ्हाण्याची ‘तक्रार’ होते. हा शब्द अरबी, फारसीमार्गे आलेला. अरबीत त्याचा अर्थ पुनरुक्ती, तेच ते पुन्हा करणं. कचेरीत खेटे घालणाऱ्यांना ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही.