ब्रॉटन रस्त्यावरचं आइस्क्रीम

जॉर्जियाच्या सहलीचे फोटो तुम्हा सगळ्यांना पोचलेच आहेत. ओकच्या झाडांवरून लोंबणारं ते राखाडी शेवाळ (शेवाळ नव्हेच ते म्हणे, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे!), घोडागाड्या, आणि हातात कोन घेतलेली मावशी. फोटो पाहून आत्याचा लगेच प्रश्न आला, "एका आइस्क्रीमसाठी एवढी रांग?" म्हटलं, फोनवर सांगत बसण्यापेक्षा लिहूनच काढावं. आइस्क्रीम चांगलं होतं. पण सांगण्यासारखं जे आहे ते त्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडच्या एका पाटीवर आहे.

आधी गावाबद्दल. सव्हाना हे जॉर्जियातलं सगळ्यात जुनं शहर. १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प नावाच्या इंग्रजाने ते वसवलं, आणि वसवण्याआधी नीट आखलं. मधोमध एक छोटा चौक, त्याच्या चारी बाजूंनी घरं, मग रस्ते, मग पुन्हा चौक. असे एकूण २४ चौक झाले. त्यातले २२ आजही आहेत, आणि प्रत्येकात सावली आहे, बाकं आहेत. आपल्याकडे एवढी मोकळी जागा बिल्डरच्या तावडीतून जवळजवळ तीनशे वर्षं वाचली असती का, असं मनात आलंच. पण इथेही ती सहजासहजी वाचलेली नाही. १९५४ मध्ये जुनी मंडई पाडून तिथे पार्किंग उभं केलं, तेव्हा गावातल्या सात बायका चिडून एकत्र आल्या. १९५५ साली त्यांनी संस्था काढली आणि पाडायला निघालेलं डेव्हनपोर्ट हाऊस वाचवलं. आजचं देखणं सव्हाना त्या बायकांच्या हट्टातून उरलेलं आहे.

'फॉरेस्ट गंप'मधलं ते बाक पाहायला आम्ही चिपेवा स्क्वेअरला गेलो. बाक तिथे नाही! सिनेमापुरतं ठेवलेलं होतं, आता म्युझियममध्ये आहे. असो.

ओगलथॉर्पच्या वसाहतीत सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. १७३५ साली घातलेली बंदी १७५१ मध्ये उठली. मग भाताची शेती आली, पुढे कापूस आला, आणि नदीकाठच्या त्या दगडी वखारी कापसाच्या पैशावर उभ्या राहिल्या. मार्च १८५९ मध्ये पिअर्स बटलर नावाच्या मळेवाल्याने कर्ज फेडण्यासाठी सव्हानाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर आपल्याकडची चारशेहून जास्त माणसं दोन दिवसांत लिलावात विकली. दोन्ही दिवस पाऊस लागला होता. त्या विक्रीला 'वीपिंग टाइम', रडण्याची वेळ, असंच नाव पडलं. आमचा गाइड भुतांच्या घरांबद्दल अर्धा तास बोलला आणि यावर अर्धा मिनिट. भुतं खपतात, दुसरं काय.

आता आइस्क्रीम. दुकानाचं नाव लिओपोल्ड्स. ग्रीसहून आलेल्या जॉर्ज, पीटर आणि बेसिल या तीन भावांनी १९१९ साली ते काढलं, तेव्हा ते ग्विनेट आणि हॅबरशॅम रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. जवळच राहणारा जॉनी मर्सर नावाचा मुलगा तिथे झाडलोट करायचा. पुढे 'मून रिव्हर' गाणं लिहून ऑस्कर मिळवणारा मर्सर तो हाच. १९६९ मध्ये दुकान बंद झालं. पीटरचा मुलगा स्ट्रॅटन हॉलिवूडमध्ये निर्माता झाला होता. त्याने २००४ साली ब्रॉटन रस्त्यावर ते पुन्हा उघडलं, जुन्या दुकानातलं सोडा फाउंटन आणि लाकडी टेलिफोन बूथ आणून. आत गेल्यावर सिनेमाच्या सेटवर आल्यासारखं वाटतं ते उगाच नाही :)

मी त्यांची तुटी-फ्रुटी घेतली. आपल्याकडची पपईच्या रंगीत तुकड्यांची डोक्यातून काढून टाका. ही रमच्या स्वादाची, साखरेत मुरवलेली फळं आणि जॉर्जियातले भाजलेले पिकन घातलेली. मावशीने रम ऐकताच साधं व्हॅनिला मागितलं.

एक आडवळण घेते. या उष्ण किनाऱ्यावर बर्फ यायचा तो बोस्टनहून, जहाजातून, लाकडाच्या भुशात झाकून. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून विकण्याचा धंदा केला, आणि चार्ल्सटन, सव्हाना ही त्याची गिऱ्हाइकं. त्याच धंद्यातला बर्फ १८३४ साली आपल्या मुंबईला पोचला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, अशी गोष्ट सांगतात ती तेव्हाची. म्हणजे एकाच तळ्याचा बर्फ दोन्हीकडे! आणि दोन्हीकडे तो कुणाच्या वाट्याला आला असेल हे वेगळं सांगायला नको.

बाहेर येऊन कोन चाटत उभे होतो तर समोर ॲबरकॉर्नच्या कोपऱ्यावर एक पाटी दिसली. तिथे आता आर्ट कॉलेजची, म्हणजे स्कॅडची लायब्ररी आहे. १९६० साली तिथे लेव्हीज नावाचं मोठं दुकान होतं आणि त्यात 'अझेलिया रूम' नावाचं रेस्टॉरंट. त्या काळी काळ्या माणसांनी दुकानातून कपडे घ्यावेत, भांडी घ्यावीत, पैसे मोजावेत. पण तिथल्या टेबलावर बसून खाता येणार नाही. १६ मार्च १९६० रोजी काळे विद्यार्थी गावातल्या आठ दुकानांच्या काउंटरवर जाऊन बसले. लेव्हीजमध्ये कॅरोलिन क्विलॉइन, अर्नेस्ट रॉबिन्सन आणि जोन टायसन या तिघांना अटक झाली. गुन्हा काय, तर बसले आणि खायला मागितलं.

पुढे जे झालं ते मला जास्त मोठं वाटतं. काळ्या समाजाने गावातल्या दुकानांवर जवळजवळ पूर्ण बहिष्कार टाकला, आणि तो दीड वर्षाहून जास्त चालवला. पुढारी होते डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ. हे गृहस्थ पोस्टमन होते. दिवसभर पत्रं वाटायची आणि उरलेल्या वेळात चळवळ चालवायची. १९६१ साली त्यांना नोकरीवरून काढलं, मग वरपर्यंत दाद मागून परत घ्यायला लावलं. दुसरे होझिया विल्यम्स. महायुद्धात जखमी झालेले सैनिक, सरकारी शेतीखात्यात रसायनशास्त्रज्ञ, पगार चांगला. जेवणाच्या सुट्टीत ते राइट स्क्वेअरमधल्या मोठ्या दगडावर चढून भाषणं करायचे. चळवळीत का पडलो याची त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी, की एकदा ते आपल्या लहान मुलांना घेऊन औषधाच्या दुकानात गेले होते. तिथे सोड्याच्या काउंटरपाशी फिरती स्टुलं होती, गोरी पोरं त्यावर गरगर फिरत होती. यांच्या मुलांनाही तिथे बसून सोडा प्यायचा होता. नाही म्हटल्यावर मुलं रडायला लागली, आणि का नाही ते बापाला सांगता येईना.

ऑक्टोबर १९६१ मध्ये सव्हानाने काउंटर वेगळे ठेवण्याचा आपला कायदा मागे घेतला. (मर्सरचं 'मून रिव्हर' असलेला 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' हा सिनेमा त्याच महिन्यात आला. योगायोग, पण माझ्या डोक्यातून जात नाही.) बहिष्कार पुढेही होत राहिले आणि ऑक्टोबर १९६३ पर्यंत बाकीच्याही बऱ्याच जागा खुल्या झाल्या, म्हणजे देशाचा नागरी हक्क कायदा व्हायच्या आठ महिने आधी.

मी हे मावशीला मराठीत वाचून दाखवत होते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आपल्या आजोळी स्टँडवरच्या हॉटेलात वेगळे कप असायचे. बाहेर, कोनाड्यात. प्यायचा, धुवायचा आणि परत ठेवायचा. आम्ही आत बाकावर बसायचो. बाबा आम्हाला भजी घेऊन द्यायचे." मी विचारलं, तेव्हा काही वाटायचं का? म्हणाली, "दिसायचंच नाही गं. रोजचं होतं."

यावर मला काही बोलता आलं नाही. आमच्या घरात आजोळचं ते हॉटेल म्हणजे भज्यांचं हॉटेल. शंभरदा ऐकलेल्या त्या गोष्टीत कोनाडा कधीच आला नव्हता. मामा, दादा, तुम्ही हे वाचाल तेव्हा तुमच्या आठवणीत तो कोनाडा आहे का, मला जरूर कळवा.

महाड आठवणारच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मात्र एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूने नाही. सव्हानात मज्जाव कायद्यातच लिहिलेला होता, तो खोडला की निदान कागदावर तरी लढाई संपत होती. महाडला उलट. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्येच सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तो उचलून धरला होता, आणि तरी पाणी प्यायलेल्या लोकांना मार खावा लागला. मग कोर्टकचेरी, ती १९३७ पर्यंत. कोनाड्यातल्या कपासाठी तर कायदा लागतच नव्हता. घटनेने अस्पृश्यता रद्द केल्यानंतरही कप होतेच, मावशीचं लहानपण त्यानंतरचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच म्हणाली, अजून काही असेल तर दाखव. मग ॲबरकॉर्नवरूनच दक्षिणेला चालत टेलर स्क्वेअरला गेलो. या चौकाचं नाव आधी कॅल्हून स्क्वेअर होतं. जॉन कॅल्हून शेजारच्या साउथ कॅरोलिनाचे, अमेरिकेचे उपाध्यक्ष आणि गुलामगिरीचे कट्टर समर्थक. २०२३ साली नगरपालिकेने चौकाला सुझी किंग टेलर यांचं नाव द्यायचं ठरवलं. सुझी १८४८ साली गुलामगिरीतच जन्मली. गुलामांना वाचायला शिकवणं जॉर्जियात गुन्हा होता, म्हणून सव्हानात ती एका स्वतंत्र काळ्या बाईच्या घरी गुपचूप शिकायला जायची. पोलिसांना किंवा कुणा गोऱ्याला दिसू नयेत म्हणून पुस्तकं कागदात गुंडाळून, आणि फाटकातून मुलांनी एकेकट्याने आत शिरायचं. चौदाव्या वर्षी ती निसटून किनाऱ्यावरच्या बेटावर पोचली आणि तिथे स्वतःच शाळेत शिकवायला लागली. काळ्या सैनिकांच्या पलटणीबरोबर राहिली, त्यांचे कपडे धुतले, जखमींची शुश्रूषा केली, सैनिकांनाही लिहावाचायला शिकवलं. १९०२ साली तिने हे सगळं पुस्तकात लिहिलं.

मावशी स्वतः चाळीस वर्षं झेडपीच्या शाळेत बाई होती. तिने फक्त एवढंच विचारलं, पुस्तकं कसल्या कागदात गुंडाळायचे? मला ते सांगता आलं नाही.