आधी कानी पडलेली सुवार्ता

सावलीहून गडचिरोलीकडे निघालात की वाटेत वैनगंगा लागते. नदीच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख झाडीपट्टीचा: धानाच्या बांध्या, तलाव, आणि सुगी सरली की रात्रभर रंगणारी दंडार नि नाटके. पुढे भामरागड-एटापल्लीच्या जंगलात माडिया बोलली जाते. परधान बाना वाजवत गोंडांच्या कुळांच्या कथा गात आले, तेही याच भागात. इथे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण ऐकूनच पुढे गेले आहे. रेडिओ आणि ध्वनिमुद्रणातून ख्रिस्ती श्रद्धा कशी सांगितली गेली, या अभ्यासाचा आरंभ इथूनच करावा असे मला वाटते. वाचकांनी हा विषय यंत्रांचा समजू नये. कोण कोणाच्या बोलीत बोलतो आणि ऐकणारा का थांबून ऐकतो, हा त्याचा गाभा आहे.

मराठीत ही वाट रेडिओच्या कितीतरी आधीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले आणि त्यातल्या ओव्या गोव्याच्या चर्चमध्ये मोठ्याने वाचल्या जात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे भजन-कीर्तनाला मंडळीत मानाचे स्थान मिळवून दिले. चांद्यालाही, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश मिशनचे पाळक आले होते. त्यामुळे १९३१ मध्ये मार्कोनीने व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र उभारले तेव्हा साधन नवे होते. ऐकून विश्वास धरणारा श्रोता मात्र आपल्याकडे जुनाच होता.

तरीही नवख्या वाचकाला एक प्रश्न पडेल: ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रम इतक्या दुरून, परदेशातून का येत? उत्तर परवान्याच्या नियमांत आहे. भारतात नभोवाणी दीर्घकाळ सरकारच्याच हाती होती, आणि पुढे खासगी एफएम आले तेव्हाही धार्मिक संस्थांना परवान्यातून वगळले गेले. म्हणून ख्रिस्ती प्रसारण समुद्रापलीकडून आले. सेशेल्स बेटांवरून ‘फीबा’ने १९७० पासून २००३ पर्यंत लघुलहरींवर कार्यक्रम दिले. श्रीलंकेतल्या पुत्तलमहून ‘ट्रान्स वर्ल्ड रेडिओ’ने ८८२ किलोहर्ट्झवर, ४०० किलोवॅटच्या प्रक्षेपकातून भारतीय भाषांत आवाज पोहोचवला. मध्यमलहरी सूर्यास्तानंतर दूरवर जातात. म्हणून श्रोत्याची वेळ दिवेलागणीनंतरची.

मला स्वतःला याहून मोलाचे वाटते ते ध्वनिमुद्रणाचे काम. जॉय रिडरहॉफ या होंडुरासमध्ये काम केलेल्या मिशनरी बाईंनी आजारपणामुळे मायदेशी परतल्यावर, १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला ‘गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज’ सुरू केले. आज ‘ग्लोबल रेकॉर्डिंग्ज नेटवर्क’ या नावाने चालणाऱ्या त्या संस्थेकडे सहा हजारांहून अधिक भाषा-बोलींतली मुद्रणे आहेत आणि त्यांत गोंडी, माडियाही आहेत. त्यांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. बोलणाऱ्याला वाचता येत नसे. मग दुभाषी एकेक वाक्य दोघांना कळणाऱ्या भाषेत सांगे, बोलणारा ते मनात घोळवून आपल्या बोलीत म्हणे, तेवढेच मुद्रित होई आणि यंत्र थांबे. पुढे हे तुकडे जोडायचे आणि त्याच बोलीच्या दुसऱ्या माणसाला ऐकवून विचारायचे, काय कळले? तो चुकीचे सांगू लागला की वाक्य पुन्हा. ऐकवण्यासाठी पुठ्ठ्याची घडी घालून केलेला ग्रामोफोनही त्यांनी वाटला: बॅटरी नाही, तबकडी हातानेच फिरवायची. ज्या बोलीत पाठ्यपुस्तक नव्हते तिच्यासाठी एवढे कष्ट कोणी घेतले, याचा ख्रिस्ती माणूस म्हणून मला अभिमान आहे.

अभिमान असला तरी अभ्यासकाने दुसरी बाजूही ऐकलीच पाहिजे. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात पेन-देवतांची, पूर्वजांची स्वतःची श्रद्धा आहे. बाहेरून आलेला आवाज तिच्याशी आदराने बोलला की नाही, हे प्रत्येक कार्यक्रमाला विचारावे. रेडिओची एक भली बाजू अशी की बटण श्रोत्याच्या हाती असते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’ने तर मिस्ड कॉलवरून आदिवासींचेच बोलणे सर्वांपर्यंत नेले. तो उपक्रम धार्मिक नाही, पण श्रोत्याला वक्ता करण्याची ती रीत ख्रिस्ती निर्मात्यांनी जरूर शिकावी.

तुम्ही या विषयात नव्याने येत असाल तर पुस्तकांच्या आधी एखादे मुद्रण ऐका, आणि ती बोली ज्याची आहे त्याच्यासोबत बसून ऐका. कुठला शब्द त्याला परका वाटला, कुठे तो हसला, कुठे त्याने पुन्हा लावायला सांगितले, एवढे टिपले तरी चांगली सुरुवात झाली. आणि एक विनंती. चंद्रपूर, मूल, सावली, गडचिरोलीच्या घरांतून भजनांच्या, साक्षींच्या, प्रवचनांच्या जुन्या कॅसेट अजून असतील. पावसाळ्याच्या दमटपणाने फितीला बुरशी धरते. तुमच्या घरी अशी एखादी असेल तर कोणाचा आवाज, कुठले गाव, कोणते साल हे वडीलधाऱ्यांना विचारून तिच्यावर लिहून ठेवा आणि या पावसाळ्याआधी तिची प्रत करून घ्या.