अंकीय नकाशांतील चिन्हशैली : एक ऐतिहासिक विचार

नकाशा हे इतिहासाचे साधन म्हणून हाताळताना अभ्यासक सामान्यतः त्यात काय दाखविले आहे एवढेच पाहतो. गाव कोठे आहे, नदीचा प्रवाह कोणता, सरहद्द कोणत्या डोंगरावरून गेली आहे, याकडे त्याचे लक्ष असते. हे सारे कोणत्या रंगाने, किती जाड रेषेने व कोणत्या खुणेने दाखविले आहे, हा प्रश्न छपाईच्या कारागिरीचा समजून तो बहुधा सोडून देतो. छापील नकाशापुरती ही उपेक्षा एक वेळ खपून जाते. कारण तेथे वस्तू आणि तिचे रूप ही दोन्ही एकाच कागदावर, एकाच शाईत बांधलेली असतात. कागद टिकला की दोन्ही टिकतात. संगणकावरील नकाशात मात्र ही गाठ सुटली आहे. तेथे रस्ता, नदी वा इमारत यांची नोंद एका ठिकाणी असते आणि ती कशी दिसावी याचे नियम दुसऱ्या ठिकाणी असतात. वापरणाऱ्याला हे नियम हवे तेव्हा बदलता येतात. ही गाठ कशी सुटत गेली, आणि ती सुटल्यामुळे उद्याच्या इतिहासकाराच्या हाती काय उरणार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नकाशातील चिन्हांना नियमबद्ध करण्याची खटपट संगणकाहून पुष्कळच जुनी आहे. सॅक्सनीतील लष्करी अधिकारी योहान गेओर्ग लेमान याने 1799 मध्ये डोंगरउतार दाखविण्याची एक पद्धती प्रसिद्ध केली. उताराच्या दिशेने आखूड रेषा काढावयाच्या, आणि उतार जितका तीव्र तितक्या त्या जाड करावयाच्या, असे तिचे सूत्र होते. डोंगर म्हणजे चित्रकाराने आपल्या मनाप्रमाणे रंगवावयाची आकृती नव्हे, त्याच्या काळेपणातही मोजमाप असले पाहिजे, हा विचार येथे प्रथमच इतक्या काटेकोरपणे मांडला गेला. पुढे 1802 मध्ये फ्रान्समध्ये एका आयोगाने निरनिराळ्या सरकारी खात्यांच्या नकाशांतील खुणा एकसारख्या करण्याचा प्रयत्न केला. 1891 मध्ये आल्ब्रेख्त पेंक याने बर्न येथील भूगोल-परिषदेत दशलक्षी प्रमाणावरील जगाच्या नकाशाची योजना मांडली. तिच्यासाठी 1909 मध्ये लंडनला आणि 1913 मध्ये पॅरिसला जमलेल्या प्रतिनिधींचा बराचसा वेळ रंग, अक्षरे व खुणा ठरविण्यातच गेला. या सर्व प्रयत्नांचा रोख एकच होता : शैली एकदा ठरावी, सर्वांसाठी ठरावी, आणि नंतर ती कोणी मोडू नये.

आपल्या विद्यार्थ्यांना या परंपरेचा परिचय असतो तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांमुळे. समोच्चरेषा तपकिरी, वने हिरवी, लागवडीची जमीन पिवळी, वस्ती व रस्ते तांबडे, पाणी निळे, हा क्रम त्यांच्या तोंडी बसलेला असतो. परंतु त्यातील एका बारकाव्याकडे क्वचितच लक्ष जाते. या नकाशांत कोरड्या ओढ्यानाल्यांच्या रेषा काळ्या असतात. जेथे खरोखर पाणी राहते तेवढाच भाग निळा असतो. दख्खनच्या पठारावरील एखादे पत्रक उघडून पाहावे. सबंध पत्रकभर काळ्या शिरांचे जाळे पसरलेले दिसते आणि निळा रंग मोजक्याच ठिकाणी आढळतो. अवर्षणाच्या प्रदेशाचे याहून नेमके चित्र शब्दांत उभे करणे कठीण आहे. येथे रंग हा केवळ शोभेचा भाग नाही. तो मोजणीदाराच्या निरीक्षणाचा निष्कर्ष आहे, आणि म्हणूनच तो पुरावा आहे.

ही घट्ट वीण उसवण्यास आरंभ झाला तो 1960 नंतरच्या दशकात. वास्तुशास्त्रज्ञ हॉवर्ड फिशर याने अमेरिकेत ‘सिमॅप’ नावाची आज्ञावली तयार केली, आणि 1965 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात संगणकीय आलेखनाची प्रयोगशाळा स्थापन केली. सिमॅपचे नकाशे आज पाहिले तर हसू येते. ते साध्या अक्षरे छापणाऱ्या यंत्रावर निघत. टिंबे, अधिकचिन्हे व रोमन अक्षरे यांच्या ओळी छापून, आणि अधिक गडद छटा हवी असल्यास एकाच जागी एकावर एक अक्षरे ठोकून, काळेपणा साधला जाई. पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यांच्या रूपात नाही. संगणकाला द्यावयाच्या छिद्रित पत्रिकांच्या मांडणीत ती आहे. प्रदेशाची सीमा, आधारबिंदू आणि त्यांची मूल्ये यांचे गठ्ठे वेगळे असत. वर्ग किती पाडावयाचे आणि कोणत्या वर्गाला कोणते अक्षर द्यावयाचे, या सूचनांचा गठ्ठा वेगळा असे. पहिले गठ्ठे तसेच ठेवून शेवटचा तेवढा बदलला की त्याच आकड्यांचा निराळा नकाशा बाहेर पडे. आजच्या संगणकीय नकाशात शैलीची जी स्वतंत्र संहिता असते, तिचा एक स्पष्ट पूर्वज या शेवटच्या गठ्ठ्यात दिसतो असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास, 1967 मध्ये, पॅरिसमध्ये झाक बेर्तँ याचा दृश्यचिन्हशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कागदावरील स्थानाखेरीज खुणेचे सहा गुण बदलता येतात, असे त्याने दाखविले : आकारमान, छटेचा फिकटगडदपणा, पोत, रंग, दिशा आणि आकृती. या गुणांच्या अंगी असलेली सामर्थ्ये सारखी नाहीत, हे त्याच्या विवेचनाचे मर्म होय. फिकटाकडून गडदाकडे जाताना डोळ्याला आपोआप क्रम जाणवतो. तांबडा, हिरवा व निळा यांत मात्र लहानमोठेपणा मुळीच जाणवत नाही, केवळ वेगळेपणा जाणवतो. या भेदाचे प्रयोजन पुढे येईल.

त्यानंतरचा सुमारे चाळीस वर्षांचा वृत्तांत येथे थोडक्यात आटोपतो. भौगोलिक माहिती प्रणाली विकसित झाल्या, त्या बहुतांशी कार्यालयांत व विद्यापीठांतच राहिल्या. सर्वसामान्य वाचकापर्यंत अंकीय नकाशा पोहोचला तो मुख्यतः 2005 मध्ये गूगलने आपली नकाशासेवा सुरू केल्यानंतर. सुरुवातीस या सेवेचा रंग सर्वांसाठी एकच होता. 2010 मध्ये गूगलने आपला नकाशा स्वतःच्या संकेतस्थळावर लावणाऱ्यांना रंग बदलण्याची आणि नको ती चिन्हे लपविण्याची मुभा दिली. दुसऱ्या बाजूस, स्टीव्ह कोस्ट याने 2004 मध्ये इंग्लंडमध्ये आरंभिलेल्या ‘ओपन-स्ट्रीट-मॅप’ या सार्वजनिक प्रकल्पाने मूळ नोंदीच सर्वांना खुल्या केल्या. त्या नोंदींपासून चित्र तयार करण्यासाठी ‘मॅपनिक’ ही आज्ञावली वापरली जाऊ लागली. तिला द्यावयाच्या नियमांचे स्वरूप साधे असते : ज्या नोंदीवर अमुक गुण आहे आणि नकाशाचे प्रमाण अमुक मर्यादेत आहे, तेथे अमुक रंगाची, अमुक जाडीची रेषा काढावी. असे शेकडो नियम मिळून एक शैली बनते.

आता प्रश्न असा की, नोंद आणि शैली अशा वेगळ्या झाल्यावर शैली खरोखरच इतिहासापासून मुक्त होते काय? या प्रकल्पाच्या मुख्य नकाशातील रस्त्यांचे रंग हे याचे उत्तम उदाहरण आहे, आणि ते जरा विस्ताराने पाहण्यासारखे आहे.

2015 पर्यंत या नकाशावर ‘मोटरवे’ वर्गाचे रस्ते निळे, ‘ट्रंक’ वर्गाचे हिरवे, ‘प्रायमरी’ वर्गाचे तांबडे आणि त्याखालचे नारिंगी असत. हे रंग कोठून आले? ब्रिटनमध्ये 1957 साली नेमलेल्या अँडरसन समितीने नव्या मोटरवेंवरील पाट्यांसाठी निळी पार्श्वभूमी सुचविली, आणि 1958 मध्ये खुल्या झालेल्या प्रेस्टन वळणमार्गावर तिचा अवलंब झाला. वर्बॉइस समितीच्या 1963 च्या अहवालानंतर इतर प्रमुख मार्गांवरील पाट्या हिरव्या झाल्या. ब्रिटिश वाहनचालकाच्या डोळ्यात भरलेले हे रंग तेथील रस्त्यांच्या नकाशांत उतरले. पुढे प्रकल्पाचा आरंभ इंग्लंडमध्येच झाल्याने ते वर्गनामांसह संगणकीय शैलीत आले, आणि तेथून सर्व जगाच्या रस्त्यांवर पसरले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ‘मोटरवे’ म्हणून नोंदला गेला, म्हणून तो निळा. आपले राष्ट्रीय महामार्ग ‘ट्रंक’ म्हणून नोंदले गेले, म्हणून ते हिरवे. महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांचे माथे पाहत प्रवास करणाऱ्याला राष्ट्रीय महामार्गाची खूण पिवळी आणि राज्य महामार्गाची हिरवी अशी ओळख असते. नकाशावरील हिरवा रंग त्याला भलत्याच वर्गाकडे नेणारा होता. मजकूर भारतीय, डोळा ब्रिटिश, अशी ही स्थिती होती; आणि ती कोणी मुद्दाम आणलेली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. सवयीने आलेली शैली ही जाणीवपूर्वक लादलेल्या शैलीपेक्षा अधिक काळ टिकते, कारण ती शैली आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

2015 मध्ये ही रंगयोजना बदलण्यात आली. निळा मार्ग नदीसारखा दिसतो, हिरवा मार्ग वनात हरवतो, हे आक्षेप सयुक्तिकच होते. नव्या योजनेत तांबूस, नारिंगी, पिवळा व पांढरा अशी उतरंड आली. बेर्तँच्या भाषेत सांगावयाचे तर, केवळ वेगळेपणा दाखविणाऱ्या रंगांच्या जागी क्रम सुचविणारे रंग आले. सुधारणा चांगली आहे, याबद्दल शंका नाही. परंतु मूळ नोंदींपैकी एकही या बदलामुळे बदलली नव्हती. 2014 व 2016 या दोन वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहणाऱ्या भावी अभ्यासकाला मात्र रस्त्यांचे वर्गीकरणच बदलले, असा भास होणे सर्वस्वी शक्य आहे.

ओढ्यांच्या बाबतीत याच्या उलट प्रकार घडतो. हंगामी प्रवाह तुटक निळ्या रेषेने दाखविण्याचा नियम या शैलीत आहे. पण तो लागू पडावयाचा तर ‘हंगामी’ हा गुण नोंदीत असला पाहिजे. तो कोणी नोंदलाच नसेल तर उन्हाळ्यात धूळ उडणारा ओढाही नकाशावर अखंड निळा वाहतो. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकातील काळी रेषा जे ज्ञान देत होती, ते येथे शैलीने नाकारलेले नाही. शैलीला ते कोणी सांगितलेलेच नाही.

राजकीय सीमांच्या संदर्भात तर ही बाब केवळ सोयीची राहत नाही. भारतात 1961 च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाने, सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा दंडनीय अपराध ठरविला. या कायद्यामागे एक गृहीतकृत्य आहे : प्रसिद्ध झालेला नकाशा एकच असतो व तो सर्वांना सारखा दिसतो. गूगलने यातून काढलेली वाट अशी की, पाहणारा कोणत्या देशात आहे त्यानुसार सीमारेषेचे रूप बदलावयाचे. भारतातील वाचकाला काश्मीरची बाह्य सीमा भारताच्या भूमिकेप्रमाणे अखंड दिसते. अन्यत्र तेथे तुटक रेषा दिसते. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया बळकावल्यानंतर त्या द्वीपकल्पाच्या बाबतीतही हीच रीत अवलंबिली गेली. रेषा अखंड की तुटक, हा चिन्हशैलीतील प्राथमिक पाठ. पण येथे त्या पाठावर दोन राष्ट्रांचा दावा उभा आहे. एखाद्या प्रबंधात ‘2014 च्या गूगल नकाशाप्रमाणे’ असे लिहिले असेल आणि तो कोणत्या देशातून पाहिला हे नमूद नसेल, तर तो निर्देश सीमेच्या प्रश्नावर पुरावा म्हणून निरुपयोगी आहे.

शैलीचे स्वातंत्र्य वाईट, असे मला म्हणावयाचे नाही. तांबडा व हिरवा यांतील भेद ज्याला दिसत नाही, त्याला आपल्या डोळ्यांना मानवेल असा नकाशा करून घेता येतो. आरोग्यसेवेचा अभ्यासक रस्ते फिके करून रुग्णालये ठळक करू शकतो. लेमानच्या काळी एका पत्रकाच्या खोदकामाला लागणारे श्रम ध्यानात घेतले, तर ही केवढी मोठी प्राप्ती आहे हे कळते. पण साधन-चिकित्सेचे नियम मात्र आपण अद्याप कागदाच्या काळातलेच वापरीत आहोत. छापील नकाशावर आवृत्तीचे वर्ष असते, कोपऱ्यात खुणांची सूची असते. पडद्यावरील नकाशाला बहुधा यांपैकी काहीच नसते. तो प्रबंधात उद्धृत करावयाचा असेल तर पाहिल्याचा दिनांक, पाहण्याचे स्थान, प्रमाणाची पातळी आणि शैलीचे नाव व आवृत्ती या चार गोष्टी नोंदवणे, आणि चित्र स्वतःजवळ जतन करणे, ही किमान अपेक्षा आपल्या विभागांनी ठेवावयास हवी.

या बाबतीत खुल्या प्रकल्पाची स्थिती त्यातल्या त्यात समाधानकारक आहे. त्याच्या नोंदींचा पूर्वेतिहास उपलब्ध आहे, आणि मुख्य शैलीतील फेरफारही क्रमवार जतन केलेले आहेत. त्यामुळे 2014 चा निळा द्रुतगती मार्ग खटपट करून पुन्हा उभा करता येईल. खाजगी सेवेच्या बाबतीत तसे नाही. गूगलने 2023 मध्ये आपली रंगयोजना बदलली. पिवळे-पांढरे रस्ते करडे झाले, पाण्याच्या निळ्यात हिरवट झाक आली. त्यापूर्वीचा नकाशा आता सेवेत कोठेही मागता येत नाही. लोकांनी सहज टिपून ठेवलेल्या चित्रांवरच त्यासाठी अवलंबून राहावे लागते. याला छेद देणारी एक घटना नोंदण्याजोगी आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील स्टेमेन या संस्थेने 2012 मध्ये खऱ्या जलरंगांचे पोत वापरून जगाच्या नकाशाची एक शैली तयार केली होती. 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट या रचनाकलेच्या संग्रहालयाने ती रीतसर आपल्या संग्रहात दाखल करून घेतली. 2023 मध्ये स्टेमेनने आपल्या नकाशांचा पुरवठा स्वतः करणे थांबविले, तेव्हा त्या जलरंगी नकाशाला राहावयास जागा होती, ती यामुळेच.