धूर, कायदा आणि रायपूरचा रस्ता

मुंबईहून कोलकात्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर, नागपूरच्या पूर्वेस, रायपूर लागते. धुरास आळा घालणारे आपल्या देशातील आरंभीचे कायदे या रस्त्याच्या दोन टोकांस झाले: बंगालचा १९०५ साली आणि मुंबईचा १९१२ साली. त्यांची नजर मुख्यतः भट्ट्यांवर आणि गिरण्यांच्या धुराड्यांवर होती. धुराडे जागचे हलत नाही. त्याचा धनी अधिकाऱ्यास सहज सापडतो. मालट्रक मात्र आज रायपुरात, तर उद्या संबळपुरात.

या फिरत्या धुराची दखल १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने घेतली. धूर, ठिणग्या व राख यांविषयी नियम करण्याचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांस दिला. रायपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात असल्यामुळे त्याचे नियम नागपुरास ठरत. १९५६ नंतर ते भोपाळास ठरू लागले, आणि १९८८ च्या कायद्याने हा अधिकार दिल्लीस नेला. पुढे १९८९ च्या केंद्रीय नियमांनी धूर डोळ्यांऐवजी यंत्राने मोजावयास लावला: उभ्या गाडीचे इंजिन एकदम वेगात आणले असता धुराची घनता ६५ हार्ट्रिजच्या आत असावी, असे ठरले.

आता धूर काळा का होतो, ते पाहू. जुन्या यांत्रिक इंधन-पंपावर कमाल डिझेलची मर्यादा ठरविणारा एक स्क्रू असतो व त्यावर कारखान्याचे सील असते. अधिक माल ओढावा म्हणून सील तोडून तो फिरविला, की इंधन वाढते, हवा मात्र तेवढीच राहते, आणि अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी होते. अमेरिकेत काही शौकीन असा धूर केवळ ऐटीसाठी सोडतात. न्यू जर्सी राज्याने २०१५ साली त्यास मनाई केली. मालट्रकाच्या बाबतीत कारण ऐटीचे नसून भाड्याचे असते. म्हणूनच ते अधिक चिवट आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने कायदा अखेर या स्क्रूपर्यंत पोहोचला. मनाई असलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्याने ठरविली.

पण आमच्या मते खरी कळ १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याच्या विसाव्या कलमात आहे. प्रदूषण मंडळाशी विचारविनिमय करून राज्य सरकारने वाहन-नोंदणी अधिकाऱ्यांस सूचना द्याव्यात आणि त्यांनी त्या पाळल्याच पाहिजेत, असे ते कलम सांगते. म्हणजे मापाचे ज्ञान एका खात्याकडे, तर गाडी अडविण्याचा अधिकार दुसऱ्याकडे. २००० साली छत्तीसगड राज्य झाले, तेव्हा ही दोन्ही खाती एकाच राजधानीत, रायपुरास, आली. आपल्यापैकी अनेकांनी सरकारी दप्तरे सांभाळली आहेत. दोन खात्यांमधले अंतर मैलांत मोजता येत नाही, हे त्यांस सांगावयास नको. प्रमाणपत्र पाहून गाडी सोडणे सोपे आहे. पंपावरचे सील शाबूत आहे काय, हे वाकून पाहणारा अधिकारी मिळेल, तेव्हाच या कायद्यांचा उपयोग रस्त्याकडेला राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांस होईल.