दख्खनचे वटवाघूळ आणि त्याचे अभ्यासक

शिरूर वसले आहे घोड नदीच्या काठी आणि दौंड भीमेच्या. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस या मुलखापर्यंत येता येता विरळ होतो. म्हणून येथे नदीकाठच्या व गावकुसाजवळच्या जुन्या वड, पिंपळ, चिंच यांचे मोल विशेष. असल्याच थोर वृक्षांवर मोठी फळाहारी वाघळे दिवसभर उलटी लोंबकळत असतात आणि दिवेलागणीस आकाशात पसरतात. लोकांनी या प्राण्यास बहुधा अशुभच मानले. परंतु त्याची पद्धतशीर चौकशी याच दख्खनात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाली, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल.

कंपनी सरकारने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामी नेमिले. पिके, जमिनी, माणसे यांची मोजदाद करता करता त्याने पशुपक्ष्यांचीही नोंद ठेविली, आणि १८३१ साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडन येथे प्रसिद्ध केली. तीत वटवाघळेही होती. त्यांपैकी एका जातीस तर त्याने दख्खनचेच नाव दिले. त्या काळच्या प्राणिशास्त्राचा मुख्य उद्योग नामकरण हा होता. पुढे १८८३ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या नैसर्गिक इतिहास संस्थेने १९११ पासून सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली. बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीनजीक बारापेडे येथील गुहेत सापडलेल्या एका दुर्मिळ वटवाघळाचे वर्णन १९१३ साली प्रसिद्ध झाले. त्यास वनाधिकारी रॉटन यांचे नाव मिळाले.

नाव कळले म्हणजे प्राणी कळला असे नव्हे. वटवाघूळ अंधारात अडथळे कसे चुकविते, हे कोडे इटालियन संशोधक स्पालान्झानी याने १७९३ च्या सुमारास हाती घेतले होते. डोळे निकामी केलेले वटवाघूळ बिनदिक्कत उडते, परंतु कान बंद केल्यास ते धडपडते, एवढे तेव्हा दिसून आले. कारण मात्र १९३८ साली अमेरिकेत ग्रिफिन याने दाखविले. आपल्या कानांस ऐकू न येणारा उच्च ध्वनी ते काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य ओळखते. मोठी फळाहारी वाघळे मात्र डोळे आणि नाक यांवरच भिस्त ठेवितात. १९४० नंतरच्या दशकात नागपूर येथे गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या प्रजननाचा व गर्भवाढीचा अभ्यास चालविला. फळाहारी वाघळाची मादी वर्षास बहुधा एकच पिल्लू देते. उंदरांची संख्या मारूनही झपाट्याने भरून येते. वाघळांची येत नाही, हा भेद पुढील हकिकतीत महत्त्वाचा आहे.

१९५२ साली पुण्यास विषाणू संशोधन केंद्र निघाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९९८-९९ साली मलेशियात निपाह रोग डुकरांच्या द्वारे माणसांत शिरला आणि त्याचे मूळ फळाहारी वाघळांत सापडले. केरळात २०१८ साली तोच रोग उद्भवला, तेव्हा निदानाची खात्री पुण्यातच झाली. वाघळांकडे संशोधकांचे लक्ष आता रोगांच्या दृष्टीने वेधले. पश्चिम भारतातील फळाहारी वाघळांत २०१० च्या पाहणीत मालसूर नावाचा नवा विषाणू मिळाला. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या नमुन्यांत निपाहविरोधी प्रतिद्रव्ये आढळली, म्हणजे त्या प्राण्यांचा या विषाणूशी किंवा त्याच्या निकटच्या भाईबंदाशी कधीतरी संबंध आला होता. प्रतिद्रव्य मिळणे आणि जिवंत विषाणू मिळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा भेद पुष्कळदा हरवतो.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळाहारी वाघळांस कावळे आणि उंदीर यांच्या पंक्तीस, उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत बसविले होते; त्यांस मारण्यास आडकाठी नव्हती. २०२० साली करोनाच्या साथीत वाघळांविषयीची भीती वाढली, तेव्हा एप्रिल महिन्यात दक्षिण आशियातील साठांहून अधिक संशोधकांनी निवेदन काढून गैरसमज दूर करण्याचा यत्न केला. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच कायद्यातून गेली.

वाघळांची हत्या करून रोग टळेल, ही समजूत चुकीची आहे. वस्ती उधळली की घाबरलेली वाघळे दुसऱ्या गावी आसरा शोधतात, आणि क्षीण झालेल्या प्राण्याच्या लाळेतून व मूत्रातून विषाणू अधिक बाहेर पडण्याचा संभव असतो. उलट रोगाची वाट अडविण्याचे उपाय साधे आहेत. बांगलादेशात निपाह बहुतांशी खजुरीच्या कच्च्या रसातून पसरला. तेथे मडक्याच्या तोंडाशी बांबूची जाळी बांधली, की वाघूळ रसापर्यंत पोहोचत नाही. पक्ष्याने वा वाघळाने उष्टावलेले फळ खाऊ नये, फळे धुऊन व सोलून घ्यावी, मेलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नये, गुहेत उगाच शिरू नये, इतके पथ्य पुरेसे आहे.

वड, पिंपळ, उंबर यांचे बी दूरवर नेऊन टाकणे हे फळाहारी वाघळांचे काम. शेतावरील कीटक खाऊन टाकणे हे त्यांच्या लहान भाऊबंदांचे. भीमा आणि घोड यांच्या काठच्या कोरड्या मुलखास या दोन्ही सेवांची गरज आहे. साइक्सच्या यादीपासून महाबळेश्वरच्या गुहेपर्यंतच्या परिश्रमांनी शिकविले ते हेच, की या शेजाऱ्यापासून हातभर अंतर राखावे. त्याच्या झाडावर कुऱ्हाड मात्र चालवू नये.